मेंढीचा माज, दिवसमान आणि वाण

सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत हिशेबपत्रके मंजूर होऊन मंडळी चहास उठली, तेव्हा ओसरीवर एक निराळाच विषय निघाला. आमचे मेहुणे पुष्कळ वर्षांपासून मेंढ्या बाळगून आहेत. त्यांच्याकडे एक व्यापारी येऊन गेला होता. विलायती डॉर्सेट रक्ताचे मेंढे आपण देतो, एकदा का हे रक्त कळपात शिरले की मेंढ्या बारमाही माजावर येतील व वर्षातून दोनदा वितील, असे त्याचे सांगणे होते. मेंढ्याची किंमत गावातील चांगल्या खिलारी खोंडाच्या बरोबरीची. मेहुण्यांनी १०,००० रुपये बयाणाही देऊन टाकला होता. मंडळींपैकी निम्म्यांस ही गोष्ट मोठी फायद्याची वाटली, निम्म्यांस ती शुद्ध थाप वाटली. मला विचारले तेव्हा मी म्हणालो की, कागद पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. चौतीस वर्षे तहसील कचेरीत काढल्यावर माणसास ही खोड लागतेच.

खरे सांगावयाचे तर मला या विषयाची गोडी लागली ती स्वतःच्या नुकसानीमुळे. निवृत्तीनंतर मी अडतीस मेंढ्या घेतल्या. मेंढा कळपातच मोकळा असे. पहिल्याच वर्षी त्यांतील नऊ मेंढ्या मार्गशीर्षात फळल्या. मेंढीचे गर्भारपण पाच महिन्यांचे, म्हणजे १४७ ते १५० दिवसांचे. डिसेंबरच्या १५ तारखेस फळलेली मेंढी मेच्या १४ तारखेच्या सुमारास विते, हा हिशेब मला त्या वेळी बोटांवर करता येत होता, पण सुचला मात्र नाही. भर वैशाखात नऊ कोकरे झाली. रानात काडी नव्हती, आयांच्या कासेत दूध नव्हते. वीस दिवसांत सहा कोकरे गेली. तेव्हापासून मेंढी केव्हा माजावर येते, का येते, आणि ही वेळ तिच्या वाणात ठरलेली असते की रानातील गवताने ठरते, हे जेथे मिळेल तेथे वाचीत आलो आहे. माझे शिक्षण मराठी शाळेतले. त्यामुळे जे मला समजले ते वाचकांस समजण्यास अडचण पडू नये.

प्रथम थंड मुलुखातील मेंढीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सर्व शोध तेथेच लागले. इंग्लंड-स्कॉटलंडात मेंढी वर्षभर माजावर येत नाही. उन्हाळा सरून दिवस लहान होऊ लागले, म्हणजे शरदात ती माजावर येऊ लागते. न फळल्यास दर सोळा-सतरा दिवसांनी पुन्हा माज दाखविते, आणि हिवाळा संपता संपता हे चक्र बंद पडते. नोव्हेंबरच्या प्रारंभी फळलेली मेंढी मार्चअखेर विते. तेव्हा बर्फ वितळून कोवळे गवत वर येत असते. याच्या उलट, वसंतात फळून शरदात विणारी मेंढी त्या मुलुखात असती तर तिचे कोकरू पुढच्या हिवाळ्यात टिकले नसते, आणि कोकरू टिकले नाही म्हणजे ती सवयही पुढे गेली नसती. अशा रीतीने हजारो वर्षे निसर्गाने तेथील कळपांची छाननी केली आहे. सार्डिनिया-कॉर्सिकाच्या डोंगरांत आढळणारी मूफ्लॉन नावाची रानमेंढी या बाबतीत अगदी काटेकोर. स्कॉटलंडच्या पश्चिमेस सेंट किल्डा बेटांवर सोए नावाची छोटी जुनी जात अर्धवट रानटी अवस्थेत राहते. तीही नोव्हेंबरात फळते आणि एप्रिलात विते. माणसाने गोठ्यात आणून खाऊ घातलेल्या जातींत मात्र हे बंधन कमीअधिक सैल झाले आहे.

आता, मेंढीस दिवस लहान झाल्याचे कळते कसे? थंडीमुळे कळत असेल, गवताच्या चवीमुळे कळत असेल, असे पूर्वी लोक म्हणत. केंब्रिज येथील मार्शल या शास्त्रज्ञाने १९३७ साली एक साधी पण मार्मिक गोष्ट प्रसिद्ध केली. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडील देशांत नेलेल्या मेंढ्या आपला हंगाम बदलून तेथील ऋतूंप्रमाणे, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांच्या फरकाने, फळू लागतात. पुढे केंब्रिजलाच यीट्स याने मेंढ्यांस कृत्रिम दिव्यांच्या उजेडात ठेवून दिवसमान उलटे केले व त्यांचा माजाचा हंगामही उलटा करून दाखविला. त्याचा निबंध १९४९ सालचा आहे. बाहेर उन्हाळा असो की हिवाळा, गोठ्यातील उजेडाचे तास कमी होऊ लागले की काही काळाने मेंढी माजावर येई. थंडी व गवत ही कारणे दुय्यम ठरली आणि उजेड मुख्य ठरला.

उजेडाचा हा निरोप गर्भाशयापर्यंत पोचतो कसा, हे उलगडण्यास पुढील पन्नास-साठ वर्षे लागली. हा प्रवास एखाद्या सरकारी टपालासारखा आहे, म्हणून मला त्याची विशेष मौज वाटते. उजेड डोळ्यांतून मेंदूतील एका बारीकशा केंद्रात जातो. हे केंद्र म्हणजे शरीराचे घड्याळच होय. तेथून निरोप पिनियल नावाच्या, वाटाण्यापेक्षाही लहान अशा ग्रंथीकडे जातो. ही ग्रंथी फक्त अंधारात काम करते. रात्र पडली की ती मेलाटोनिन नावाचा अंतःस्राव रक्तात सोडते आणि उजाडले की थांबते. हे द्रव्य १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात लर्नर याने वेगळे काढले. रात्र मोठी तर स्राव जास्त वेळ, रात्र लहान तर कमी वेळ. म्हणजे रक्तातील मेलाटोनिन ही मेंढीची रोजची हजेरीपत्रिकाच, आणि तीवरून शरीरास वर्षाचा कोणता काळ चालू आहे ते समजते. १९८३ साली अमेरिकेत मिशिगन येथे ही ग्रंथी काढून टाकलेल्या मेंढ्यांवर प्रयोग झाले. त्यांस दिवसमानाचा बोध होईना. परंतु रात्रीच्या लांबीइतका वेळ बाहेरून मेलाटोनिन देताच तो पुन्हा होऊ लागला.

हे द्रव्य पियुषिका ग्रंथीच्या देठाशी असलेल्या पेशींवर येऊन बसते. त्या पेशींवर त्याच्यासाठी खास बसक्या असतात. त्यांस ग्राहक असे म्हणतात, व या लेखात पुढे त्यांचेच महत्त्व आहे. तेथून मेंदूच्या तळभागात थायरॉईडच्या अंतःस्रावाचे प्रमाण ऋतुमानाप्रमाणे बदलते, आणि अखेर बीजांडकोशास चालना देणारा निरोप कधी वरचेवर तर कधी क्वचित सुटतो. वरचेवर सुटला की मेंढी माजावर येते. वाचकांपैकी कोणी म्हणेल की एवढे टप्पे कशास? मीही कचेरीत असताना असेच म्हणत असे. पण प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी बसलेला असतो आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे कागद लवकर किंवा उशिरा सुटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे वाणावाणांत फरक का पडतो ते आपोआप कळते. प्रत्येक टप्प्याचे काम एकेका आनुवंशिक घटकाच्या, म्हणजे जनुकाच्या, हुकमाने चालते. जनुकात किंचित फरक पडला की टप्पा ढिला किंवा कडक होतो.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. मेंढ्या दीर्घकाळ एकसारख्या दिवसमानात ठेविल्या तरी त्यांचा माजाचा हंगाम अजिबात नाहीसा होत नाही. वर्षाच्या जवळपास अंतराने तो येत-जात राहतो. म्हणजे वर्षाचे घड्याळ मेंढीच्या अंगातच असते. दिवसमान फक्त त्याचे काटे जुळवून देते.

आता वाणाचा प्रश्न. विलायतेत निरनिराळ्या जातींचा हंगाम सारखा नाही हे मेंढपाळांस फार पूर्वीपासून ठाऊक होते. हाफेझ या संशोधकाने १९५२ साली ब्रिटनमधील अनेक जाती एकाच ठिकाणी पाहून दाखविले की, उत्तरेकडील व डोंगरी जातींचा हंगाम आखूड असतो, आणि दक्षिणेकडील डॉर्सेट हॉर्न जातीचा सर्वांत लांब. एकाच कुरणात, एकाच उजेडात राहूनही हा फरक पडतो, त्या अर्थी तो रक्तातला आहे. स्कॉटलंडात लिंकन व त्याचे सहकारी यांनी मेंढ्यांविषयी, म्हणजे नरांविषयी, असेच काम केले. नरांसही हंगाम असतो आणि हंगामाबाहेर त्यांची वृषणे आक्रसतात. मूफ्लॉन व सोए यांत हा चढउतार मोठा, मेरिनोत थोडा, आणि संकरांत तो दोहोंच्या मधला, असे त्यांस १९९० च्या सुमारास आढळले.

हे ‘मधला’ फार महत्त्वाचे आहे. एखादा गुण एकाच जनुकावर अवलंबून असला तर तो संततीत बहुधा स्पष्ट दिसतो. आहे तर आहे, नाही तर नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्या घरचेच आहे. बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची लहानशी मेंढी आहे. ती एका वेताला दोन-तीन कोकरे देते. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून अशा बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या, आणि तेथील बुरूला या ठिकाणच्या मेरिनो कळपात जुळी-तिळी देण्याचा जो गुण पुढे प्रसिद्धीस आला त्याचे मूळ त्यांच्यापाशी असावे असे मानतात. २००१ साली न्यूझीलंड, फ्रान्स व स्कॉटलंड येथील तीन मंडळांनी या गुणाचे मूळ एकाच जनुकातील एकाच फरकात दाखविले, व पुढच्याच वर्षी तोच फरक गरोल मेंढीत सापडला. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोलच्या द्वारे हे जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा जुळी देणारा वाण तयार केला, हे पुष्कळ वाचकांस माहीत असेलच. येथे रक्त तपासले की मेंढ्यात जनुक आहे की नाही हे निश्चित सांगता येते. खरेदीखतावर नाव आहे किंवा नाही, इतके ते स्वच्छ.

हंगामाचा गुण तसा नाही. तो एकत्र कुटुंबाच्या जमिनीसारखा आहे. खातेदार पुष्कळ, प्रत्येकाचा हिस्सा थोडा, आणि सगळ्यांचे हिस्से जुळवावे तेव्हा क्षेत्र भरते. त्यातल्या त्यात एक मोठा हिस्सेदार कोण, याचा शोध शास्त्रज्ञांनी केला. वर मेलाटोनिनच्या ग्राहकांचा उल्लेख आला आहे. मेंढीतील त्या ग्राहकाचे जनुक १९९४ साली हाती आले. ते मेंढीच्या सव्विसाव्या गुणसूत्रावर आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस आर्ल येथील मेरिनो मेंढ्यांत काही मेंढ्या वसंतातही आपण होऊन माजावर येतात, काही येत नाहीत. पेलेतिए व त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखविले की या जनुकाची एक विशिष्ट तऱ्हा बेहंगामी माजाशी संबद्ध आहे. इटलीतील सार्डिनिया बेटाच्या सार्दा जातीतही २००९ साली असा संबंध आढळला. लगेच बाजारात बातमी पसरली की ‘बारमाही माजाचे जनुक’ सापडले.

परंतु पुढे इतर काही जातींत तपासले तेव्हा हा संबंध दिसला नाही. कारण असे की, तपासणीत ज्या दोन जागा पाहतात तेथील फरकाने ग्राहकाची घडण बदलतच नाही. त्या जागा म्हणजे केवळ खुणा होत. ही गोष्ट मला हद्दीच्या दगडावरून चटकन समजली. एका गावात विहीर दगडाच्या पूर्वेस दहा हातांवर आहे म्हणून त्या गावी दगड सापडला की विहीर सापडते. म्हणून दुसऱ्या गावात तसाच दगड दिसताच तेथे दहा हातांवर खणू लागणारा मनुष्य कोरडाच राहणार. एका जातीत जी खूण कामाची, ती दुसऱ्या जातीत कामाची असेलच असे नाही, जोपर्यंत त्या जातीत ती स्वतंत्रपणे पडताळली नाही तोपर्यंत. उद्या कोणी प्रयोगशाळेचा दाखला दाखवून मेंढा विकावयास आला तर हा दगडाचा दृष्टांत त्यास अवश्य सांगावा.

मग हा गुण निवडीने वाढविता येतो किंवा नाही? येतो, पण सावकाश. अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे नॉटर यांनी अर्धे डॉर्सेट, पाव राम्बुइए व पाव फिनिश अशा रक्ताचा कळप करून वसंतात फळणाऱ्या मेंढ्यांची वर्षानुवर्षे निवड केली. कळपाची सुधारणा झाली. तथापि मेंढीमेंढीत जो फरक दिसतो त्यापैकी वाणाच्या खात्यावर पडणारा वाटा शेकडा दहाच्या आसपासच निघाला. आपल्या जुन्या हिशेबाने रुपयात दीड आणा. आर्लच्या मेंढ्यांत, केवळ बीजांड सुटते किंवा नाही एवढेच बारकाईने पाहिले तेव्हा, तो शेकडा वीस, म्हणजे रुपयात सव्वातीन आणे, भरला. बाकीचे बारा-चौदा आणे खाणे, वय, अंगावरील मांस, मेंढ्याची ताकद आणि दैव यांचे. कळपातील इतरांहून दहा मापे सरस अशी जोडी निवडली, तर तिची संतती सरासरीने एखाददुसरे माप सरस निघेल, इतकेच. पाच-सात पिढ्या चिकाटीने निवड केली तर हेही मोठे होते. एक मेंढा विकत घेऊन एका वर्षात ते होत नाही.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. लंडन येथे सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेसोळा तासांचा आणि सर्वांत लहान आठाला काही मिनिटे कमी इतका असतो. जवळजवळ नऊ तासांचा फरक. आपल्याकडे पुणे-फलटणच्या बाजूस मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आत-बाहेर आणि लहान अकरा तासांचा. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. दिवसमानाचा हुकूम येथे इतका मंद की मेंढीने तो कानावर घेतला काय आणि न घेतला काय. शिवाय आपल्याकडे कोकरास मारणारा बर्फ नाही. मारणारा आहे तो चैत्र-वैशाखाचा उपास. म्हणून निसर्गाने येथे उजेडाकडे पाहणारी मेंढी निवडली नाही. चारा मिळताच माजावर येणारी मेंढी निवडली. दख्खनी मेंढी वर्षाच्या कोणत्याही महिन्यात फळू शकते. माझ्या नऊ मेंढ्या मार्गशीर्षात फळल्या, हाच त्याचा पुरावा, जरी तो मला महाग पडला.

आमच्याकडे दरवर्षी दिवाळीनंतर कोकणात उतरणारा एक वाडा वाटेत माझ्या शेतात चार रात्री बसतो. त्यातील म्हाताऱ्या धनगरास मी हा सर्व प्रकार सांगितला. त्यांना सगळे तात्या म्हणतात. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, “भाऊसाहेब, मेंढरू दिवस मोजत न्हाई. मिरगाचा पाऊस पडला, हिरवं त्वांडात गेलं, की पंधरा दिसांत तिला सुचतंया.” तात्यांचे हे म्हणणे दख्खनी मेंढीपुरते शास्त्रास धरून आहे. आमच्या बाजूस बहुतेक कळप पावसाळ्यात फळतात व दिवाळीपासून पौषापर्यंत वितात. तोपर्यंत रानात ज्वारीचे ताटूक, शेंगांचा पाला, बांधावरचे गवत असते, आणि कोकरू उन्हाळ्यापूर्वी दाताला लागते. ही वेळ धनगरांनी पिढ्यान् पिढ्या साधली आहे.

हे सर्व पाहिल्यावर मेहुण्यांच्या व्यापाऱ्याचा दावा पुन्हा तपासू. डॉर्सेटची कीर्ती खोटी नाही. इंग्लंडच्या इतर मेंढ्या सहा महिने बंद असतात तेव्हा ही चालू असते, म्हणून तेथे तिचे मोल. परंतु जिला मुळातच दिवसमानाचे कुलूप नाही तिच्यासाठी किल्ली विकत घेण्यात अर्थ काय? आपल्या मेंढीच्या पायात जी बेडी आहे ती चाऱ्याची. ती कोणत्याही विलायती रक्ताने सुटत नाही. उलट थंड मुलुखाचा जाड लोकरीचा जीव आमच्या उन्हात धापा टाकील आणि नेमक्या उन्हाळ्यात निकामी होईल. उन्हाच्या तापाने मेंढ्याचे वीर्य काही आठवडे बिघडते, हे देशी मेंढ्यासही लागू आहे. मग परक्याची काय कथा?

‘वर्षातून दोनदा’ याचाही हिशेब करून पाहावा. दोन गर्भारपणांचे ३०० दिवस वजा केले तर उरतात ६५. त्यांतच दोन वेळा कोकरास पाजावयाचे, गर्भाशय पूर्ववत व्हावयाचे आणि पुन्हा माजावर यावयाचे. एखादी मेंढी हे करीलही, पण कळप करणार नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डॉर्सेटच मेंढ्या, भरपूर दाणावैरण आणि जागत्या देखरेखीत जी पद्धत बसविली, तीत वर्षाचे ७३ दिवसांचे पाच भाग करून तीन वर्षांत पाच वेते धरतात. मूळ मालकांच्या घरीच तीन वर्षांत पाच, तर आमच्या माळावर सहा कशी? बांधून दाणा घालणाऱ्यास आपल्याकडे दोन वर्षांत तीन वेते साधतात. रानावर अवलंबून असणाऱ्याने वर्षास एकच वेत, पण वेळेवर, हे धोरण ठेवावे असे माझे मत झाले आहे.

मात्र एका मुद्द्यावर व्यापाऱ्याने मंडळींची नाडी बरोबर ओळखली होती, हे कबूल केले पाहिजे. नर कोकराची खरी किंमत बकरी ईदच्या बाजारात येते. ईद चांद्र वर्षाने चालते, म्हणून दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२४ साली ती १७ जूनला होती, २०२५ साली ७ जूनला. डिसेंबरात जन्मलेला नर जूनच्या ईदेस एक तर सहा महिन्यांचा असतो नाही तर दीड वर्षाचा. दीड वर्षाचा करावयाचा तर वर्षाचा होऊन गेल्यावरही सहा महिने तो खातच राहतो. याच कारणाने पुष्कळांस उन्हाळी कोकरांचा मोह पडतो. परंतु दहा वर्षांत ईद साडेतीन महिने अलीकडे येईल, आणि तेव्हा हेच डिसेंबरचे नर चौदा-पंधरा महिन्यांचे असताना विकले जातील. आज ज्याच्यासाठी कळपाचे रक्त पालटावयाचे, तो बाजारच चालता आहे. कोणत्याही महिन्यास वेत धरण्याची मुभा जिच्यापाशी आहे अशी दख्खनी मेंढी हातची घालवून बसू नये, हे त्यामुळेच अधिक पटते.

फळण्याची वेळ आपल्या हाती ठेवण्याचे उपाय साधे आहेत. मेंढा कळपातून वेगळा ठेवावा. नजरेआड आणि वासाआड, निदान एक महिना. नंतर कळपात सोडला की पुष्कळ मेंढ्या थोड्याच दिवसांत एकदम बीजांड सोडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढ्यांवर हे १९४४ सालीच नोंदले गेले आहे. मेंढा सोडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे मेंढ्यांस थोडा दाणा अथवा शेंगांचा पाला अधिक द्यावा. फ्रान्स-स्पेनकडे कानाच्या मागे कातडीखाली १८ मिलिग्रॅम मेलाटोनिनची गोळी बसवून मेंढीस लांब रात्रीचा भास करून देतात. आपल्या मेंढीस तिची गरज नाही, हे वर सांगितलेल्या कारणांवरून ध्यानात येईल. दुष्काळाच्या साली मेंढा उशिरा सोडावा, पण मार्गशीर्ष ओलांडू देऊ नये. त्यापेक्षा तो हंगाम चुकला असे समजावे.

निवड करावयाची तर ती आपल्याच कळपात करावी, आणि त्यास वहीवाचून गत्यंतर नाही. प्रत्येक मेंढीच्या कानास बिल्ला, बिल्ल्याचा आकडा वहीत, आणि पुढे फळल्याची तारीख, विण्याची तारीख, कोकरांची संख्या, तिसऱ्या महिन्यातील वजन. एवढे रकाने पुरेत. पैदाशीसाठी नर ठेवावयाचा तो ज्या मेंढीने तीन-चार वर्षे ओळीने वेळेवर, पहिल्याच माजास फळून कोकरू जगविले तिचाच. धिप्पाड दिसतो म्हणून ठेवू नये. वाणाचा वाटा रुपयात दीडच आणा असला तरी एका वर्षाच्या नोंदीपेक्षा चार वर्षांच्या नोंदीत तो अधिक स्वच्छ दिसतो. एका वर्षीचे दैव दुसऱ्या वर्षीच्या दैवाशी फिटून जाते. मेंढ्यांच्या बाबतीत कोणी सातबारा ठेवीत नाही, म्हणून बाजारात सांगेल त्याचे खरे होते. राहुरीचे कृषी विद्यापीठ दख्खनी मेंढीच्या सुधारणेचे काम करते. तेथील किंवा फलटणच्या संस्थेतील नर घेतला तर त्याच्यामागे निदान नोंद असते. जुळी देणारे रक्त घेणाऱ्याने मात्र दोन कोकरांपुरता चारा आधी मोजून घ्यावा. तो नसेल तर एकच कोकरू बरे.

मेहुण्यांनी व्यापाऱ्याकडे मेंढ्याच्या आईच्या वेतांची नोंद मागितली. ती त्याच्यापाशी नव्हती. छायाचित्रे पुष्कळ होती. बयाण्यापैकी ४,००० रुपये परत मिळाले, बाकीचे येतील असे मेहुणे म्हणतात. त्यांनीही आता वही घातली आहे. माझ्या वहीत चार वर्षांच्या नोंदी झाल्या असून यंदा चौतीसपैकी एकोणतीस मेंढ्या कार्तिक ते पौष या काळात व्याल्या. उरलेल्या पाचांपैकी तीन त्याच आहेत, ज्या दरवर्षी मागे राहतात. त्या येत्या बाजारी काढावयाच्या आहेत. वहीचा नमुना सोसायटीच्या कचेरीत ठेवला आहे. ज्यांस हवा असेल त्यांनी सोमवार सोडून कोणत्याही दिवशी येऊन उतरवून घ्यावा. सोमवारी मी शेतावर असतो.